संथ पृच्छेचे निदान

बँकेच्या खिडकीपाशी, तहसील कचेरीत, रेल्वेच्या आरक्षण केंद्रात किंवा एखाद्या मोठ्या ग्रंथालयाच्या देवघेव विभागात उभ्या असलेल्या माणसाला अलीकडे एक वाक्य वारंवार ऐकावे लागते: ‘आज सिस्टिम फार हळू चालते आहे.’ सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर असहायता असते आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर अविश्वास. नेमके काय बिघडले आहे, हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नसते. वैद्यापुढे बसून ‘बरे वाटत नाही’ एवढेच सांगणाऱ्या रुग्णाच्या तक्रारीइतकी ही तक्रार मोघम आहे. श्रोतेहो, अशा मोघम तक्रारीचे रूपांतर नेमक्या निदानात कसे करावे, आणि दोष डिस्कपाशी असल्याचा संशय येताच तो कसा पारखून घ्यावा, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

या विषयाला खर्चाची बाजूही आहे. संथ चालणाऱ्या यंत्रावर सर्वांत प्रथम सुचवला जाणारा उपाय म्हणजे नवे यंत्र. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या संस्थेत या उपायाला वर्ष-दीड वर्ष लागू शकते. निविदा निघते, यंत्र येते, आणि पहिले सहा महिने सर्व सुरळीत चालून पुन्हा तेच वाक्य खिडकीतून ऐकू येऊ लागते. दोष यंत्रात नव्हताच. यंत्राकडून जे काम करून घेतले जात होते त्यात तो होता. हे आधी कळले असते तर कदाचित एका दुपारच्या कामात प्रश्न सुटला असता.

डेटाबेस म्हणजे व्यवस्थित रचून ठेवलेला माहितीचा साठा, आणि पृच्छा म्हणजे त्या साठ्याला विचारलेला प्रश्न. ‘अमुक सभासदाकडे कोणती पुस्तके आहेत?’ ही एक पृच्छा झाली. उत्तर यायला चार सेकंद लागले, तर त्या चार सेकंदांचे दोन भाग पडतात: काही काळ संगणकाचा प्रोसेसर खरोखर काम करीत असतो आणि उरलेला काळ तो कशाची तरी वाट पाहत असतो. ही वाट डिस्ककडून येणाऱ्या माहितीची असेल, दुसऱ्या कोणी अडवून ठेवलेल्या नोंदीची असेल, किंवा तारेच्या पलीकडील दुसऱ्या संगणकाची असेल. निदानाची पहिली पायरी ही की, चार सेकंदांपैकी किती कामात गेले आणि किती वाट पाहण्यात गेले, हे वेगळे काढणे. ही पायरी ओलांडण्यापूर्वी उपाय सुचवणारा माणूस नाडी न पाहता औषध देतो आहे, असे खुशाल समजावे.

डिस्ककडेच इतका संशय का जावा, हे समजण्यासाठी तिची जडणघडण पाहिली पाहिजे. १९५६ साली आयबीएम कंपनीने ‘रॅमॅक’ हा संगणक बाजारात आणला. त्याच्यासोबत जगातील पहिली व्यापारी चुंबकीय डिस्क आली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक रचलेल्या, त्या मिनिटाला १२०० फेरे घेत, आणि माहिती वाचणारा हात त्या चळतीच्या बाजूने खालीवर सरकत हव्या त्या तबकडीपाशी पोहोचत असे. साठवण होती ५० लाख अक्षरांची. हवी ती नोंद सापडायला सरासरी सुमारे ०.६ सेकंद लागत. आज या आकड्यांचे हसू येईल. पण त्या यंत्राचा मूळ घाट, म्हणजे फिरणारी तबकडी आणि हलणारा हात, पुढे अर्धशतकाहून अधिक काळ तसाच टिकला.

मिनिटाला ७२०० फेरे घेणारी नेहमीची डिस्क घ्या. सेकंदाला १२० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा हाताखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद, थांबावे लागणारच. त्याआधी हात योग्य वर्तुळावर नेऊन ठेवायला आणखी ८ मिलिसेकंद. एकूण सुमारे १२ मिलिसेकंद. म्हणजे डिस्कवर इतस्तत: विखुरलेल्या जागा वाचायच्या असतील तर सेकंदाला फार तर ८० जागा वाचून होतात. तबकड्यांवरील साठवण लाखो पटींनी वाढली. हाताची चपळाई मात्र रॅमॅकच्या तुलनेत पन्नास पटसुद्धा वाढलेली नाही. डेटाबेसच्या मंदगतीच्या निम्म्या कथा या एका विसंगतीतून निघतात.

मिलिसेकंद ऐकून मनावर काही ठसत नाही, म्हणून कालमान ताणून पाहावे. संगणकाच्या मुख्य स्मृतीतून, म्हणजे रॅममधून, एखादी गोष्ट मिळवायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. ते एक सेकंद धरले, तर फिरत्या डिस्कवरील १२ मिलिसेकंद म्हणजे सव्वा लाख सेकंद, जवळजवळ दीड दिवस. टेबलावरील पुस्तक उचलणे आणि तेच पुस्तक परगावाहून मागवणे यांत जेवढे अंतर, तेवढे हे अंतर आहे. हलणारा भाग नसलेली अर्धवाहक डिस्क, जिला सर्वजण एसएसडी म्हणून ओळखतात, हेच काम सुमारे १०० मायक्रोसेकंदांत करते. ताणलेल्या कालमानात सोळा-सतरा मिनिटे. सुधारणा प्रचंड आहे, परंतु टेबल ते टेबलच.

मात्र डिस्कला एक गोष्ट फार चांगली जमते, ती म्हणजे सलग वाचन. हात एकदा जागेवर बसला आणि तबकडी फिरत राहिली की तीच डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट सहज देते. याउलट आठ-आठ किलोबाइटची विखुरलेली पाने वाचायला लावली तर ८० पाने, म्हणजे सेकंदाला जेमतेम ६४० किलोबाइट हाती येतात. यंत्र तेच, तबकडी तीच, आणि फरक दोनशे पटींहून अधिक! ‘आमची डिस्क वेगवान आहे’ हे विधान म्हणूनच अपुरे आहे. कोणत्या कामासाठी वेगवान, हे विचारले पाहिजे.

डिस्कच्या या स्वभावाशी जुळवून घेण्यासाठी डेटाबेसकर्त्यांनी जी युक्ती योजली, ती ग्रंथालयांशी संबंधित श्रोत्यांना परकी वाटणार नाही. ग्रंथागारातील प्रत्येक कपाट धुंडाळण्याऐवजी तालिकेच्या खणातील पत्र पाहून थेट त्या फळीपाशी जावे, तशी डेटाबेसमध्ये सूची असते. व्यवहारात तिला इंडेक्स म्हणतात. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट या दोघांनी बोइंग कंपनीच्या संशोधनशाळेत असताना ‘बी-ट्री’ नावाची जी वृक्षरचना शोधली आणि १९७२ साली प्रसिद्ध केली, तिच्यावर आजही बहुतेक डेटाबेस उभे आहेत. तिचे मर्म असे की, डिस्कवरून एक पान आणणे इतके महाग असताना त्या पानावर एकच दिशादर्शक ठेवणे हा अपव्यय होय, शेकडो ठेवावेत. एका पानावर ३०० दिशादर्शक धरले, तर तीन पाने वाचून २ कोटी ७० लाख नोंदींपैकी हवी ती सापडते. त्यांतही वरची पाने सतत वापरली जात असल्याने स्मृतीतच राहतात, आणि डिस्कपर्यंतची खेप एखादीच उरते.

आता एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण त्यातील गणित कोणत्याही शहरात लागू पडेल. समजा, अनेक शाखा असलेल्या एका ग्रंथालयात आजवरच्या देवघेवीच्या ४ कोटी नोंदी आहेत. एका नोंदीला २०० बाइट धरल्यास आठ किलोबाइटच्या एका पानावर ४० नोंदी मावतात. सारी देवघेव १० लाख पानांवर, म्हणजे सुमारे ८ गिगाबाइट जागेत बसते. यंत्राची स्मृती आहे ४ गिगाबाइट.

सभासद-क्रमांकावर सूचीच नसेल, तर एका सभासदाचा इतिहास काढण्यासाठी दहाच्या दहा लाख पाने वाचावी लागतील. सलग वाचन असल्यामुळे हे काम सुमारे ५५ सेकंदांत होईल. पण खिडकीसमोर उभ्या असलेल्या सभासदाला ५५ सेकंद हा युगासारखा काळ वाटतो, आणि त्या काळात इतर दहा जण तीच मागणी करीत असतील तर हिशेबच उरत नाही. सूची केली, आणि त्या सभासदाच्या ३०० नोंदी ३०० वेगवेगळ्या पानांवर पसरलेल्या असल्या, तर ३०० विखुरलेली वाचने, ३.६ सेकंद. त्याच ३०० नोंदी एकमेकींशेजारी रचून ठेवल्या असत्या तर आठ पानांत मावल्या असत्या, आणि उत्तर एक दशांश सेकंदात आले असते. सूचीने पहिला विजय मिळवून दिला हे खरे. परंतु दुसरा विजय नोंदींच्या मांडणीने मिळतो, आणि तिकडे सहसा कोणी पाहत नाही.

उलटही घडते. समजा, मुख्य शाखेची सारी देवघेव हवी आहे आणि एकूण नोंदींपैकी चाळीस टक्के त्या एका शाखेच्या आहेत. सूचीवरून एकेक नोंद शोधत गेल्यास १ कोटी ६० लाख खेपा. प्रत्येक खेपेला खरोखर डिस्कपर्यंत जावे लागले तर १ लाख ९२ हजार सेकंद, म्हणजे दोन दिवसांहून जास्त. सूची बाजूला ठेवून सारे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले तर तेच ५५ सेकंद. ‘हळू चालते आहे, सूची करा’ हा उपदेश सरसकट देणाऱ्यांनी हे गणित एकदा तरी मांडून पाहावे. सूची वापरायची की सलग वाचायचे, हा निर्णय डेटाबेसचा नियोजक नावाचा भाग घेतो. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली या नियोजकाची पद्धत मांडली. त्यांनी एखाद्या योजनेचा खर्च मोजताना सर्वांत आधी, किती पाने आणावी लागतील, हेच धरले होते. त्यात प्रोसेसरच्या श्रमाचा वाटा मिळवला की किंमत तयार. आजच्या पोस्टग्रेस या मुक्त प्रणालीतही हीच परंपरा दिसते: सलग पानाची किंमत १ धरली तर विखुरलेल्या पानाची ४ धरावी, असे तिला मुळात सांगून ठेवलेले असते. एसएसडीवर हा फरक इतका नसतो. म्हणून जाणते व्यवस्थापक तो आकडा १.१ च्या आसपास आणतात. तो तसाच राहिला तर नियोजक नव्या रस्त्यावर जुन्या बैलगाडीचे हिशेब करीत बसतो.

इतकी पूर्वपीठिका झाल्यावर निदानाकडे वळता येईल.

सर्वांत आधी विचारायचा प्रश्न यंत्राला नव्हे, माणसांना विचारायचा असतो. सगळेच हळू आहे की एकच काम? दिवसभर की ठराविक वेळी? कालपासून की वर्षभरात हळूहळू? खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला आकडे ठाऊक नसले तरी ‘दुपारी तीननंतर अडकते’ एवढे त्याला पक्के माहीत असते, आणि या एका वाक्याने निम्मा तपास वाचतो.

त्यानंतर यंत्राची नाडी. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात ‘व्हीएमस्टॅट’ आणि ‘आयओस्टॅट’ ही दोन साधने त्यासाठी पुरेशी आहेत. पहिले साधन प्रोसेसरचा किती टक्के वेळ डिस्कची वाट पाहण्यात गेला ते दाखवते. या आकड्याविषयी फार गैरसमज आहे. वाट पाहण्याचा वेळ म्हणून मोजला जातो तो मुळात रिकामा वेळ. त्याच यंत्रावर दुसरे एखादे भरपूर आकडेमोडीचे काम सुरू केले, तर प्रोसेसर त्यात गुंततो आणि प्रतीक्षेचा आकडा खाली येतो. डिस्कची दशा मात्र होती तशीच राहते. तेव्हा हा आकडा मोठा असेल तर डिस्ककडे पाहावे. लहान असेल तर डिस्क निर्दोष आहे असे मानू नये.

दुसरे साधन अधिक बोलके आहे. सेकंदाला किती वाचने आणि लेखने झाली, प्रत्येकाला सरासरी किती वेळ लागला, आणि रांगेत किती मागण्या उभ्या होत्या, हे तीन आकडे त्यातून मिळतात. या तिन्हींमध्ये एक साधा संबंध आहे. जॉन लिटल यांनी १९६१ साली त्याची गणिती सिद्धता दिली. रांगेतील माणसांची सरासरी संख्या म्हणजे दर सेकंदाला येणाऱ्यांची संख्या गुणिले प्रत्येकाने घालवलेला वेळ. डिस्क सेकंदाला ८० मागण्या पुरवते आहे आणि रांगेत सरासरी १६ उभ्या आहेत, तर प्रत्येक मागणीला १६ भागिले ८०, म्हणजे २०० मिलिसेकंद लागणार. डिस्कचे प्रत्यक्ष काम १२ मिलिसेकंदांचे. उरलेले १८८ निव्वळ रांगेतले. येथे डिस्क बिघडलेली नाही, मंदावलेली नाही; तिच्यापुढे गर्दी झाली आहे. याउलट रांग नाही, मागण्या मोजक्याच आहेत, आणि तरीही प्रत्येकीला २०० मिलिसेकंद लागत आहेत, असे दिसले तर डिस्क किंवा तिच्याकडे जाणारा मार्ग खरोखर आजारी आहे. रुग्णाच्या अंगात ताप दोन्ही वेळा सारखाच, रोग निराळे.

रांगांचे शास्त्र कोपनहेगनच्या टेलिफोन यंत्रणेत जन्माला आले. ॲग्नर क्रारुप अरलँग यांनी त्यावरील पहिला निबंध १९०९ साली लिहिला. त्या शास्त्राच्या सर्वांत सोप्या प्रतिमानानुसार सेवकाचा निम्मा वेळ व्यापला की ग्राहकाला लागणारा काळ दुप्पट होतो, ऐंशी टक्के व्यापला की पाचपट आणि नव्वद टक्के व्यापला की दहापट. म्हणूनच डिस्कची कोंडी हळूहळू जाणवत नाही. काल सुरळीत होते आणि आज दहा टक्के काम वाढताच सारे ठप्प झाले, अशी तक्रार ऐकून ‘दहा टक्क्यांनी इतके कसे होईल?’ असे म्हणणाऱ्याला हा नियम ठाऊक नसतो. आयओस्टॅटमधील ‘व्यापलेला वेळ’ हा चौथा आकडा मात्र एसएसडीवर जपून वाचावा. फिरत्या डिस्कला एकच हात असतो. एसएसडी एकाच वेळी अनेक मागण्या पुरवते, त्यामुळे शंभर टक्के व्यापलेली दिसत असूनही ती आणखी बरेच काम घेऊ शकते.

नाडी पाहून झाली. आता रोग कोणत्या अवयवात आहे ते पाहायचे. पोस्टग्रेसमध्ये एखाद्या पृच्छेपूर्वी ‘एक्स्प्लेन’ हा शब्द ‘ॲनलाइझ’ आणि ‘बफर्स’ या दोन पर्यायांसह लिहिला, तर ती पृच्छा प्रत्यक्ष चालवली जाते आणि तिच्या कार्ययोजनेच्या प्रत्येक टप्प्यावर किती पाने स्मृतीत सापडली व किती बाहेरून आणावी लागली ते छापून येते. ‘बाहेरून’ म्हणजे डेटाबेसच्या स्वत:च्या स्मृतीबाहेरून. ती पाने डिस्कवरून आली असतील किंवा कार्यप्रणालीने आपल्या स्मृतीत राखून ठेवलेल्या साठ्यातून आली असतील. हा भेद न केल्याने अनेक निदाने चुकतात. त्यासाठी वाचनाचा वेळ मोजण्याची सोयही सुरू करावी लागते. चार सेकंदांच्या पृच्छेत ३.७ सेकंद वाचनात गेले असे दिसले, तर आरोप सिद्ध झाला. ०.२ सेकंद गेले असतील तर डिस्कला मोकळे सोडून कुलूपबंद नोंदींकडे किंवा आकडेमोडीकडे वळावे. आणखी एक सावधगिरी अशी की, तीच पृच्छा लागोपाठ दुसऱ्यांदा चालवली तर पाने स्मृतीत आलेली असल्याने ती झटक्यात संपते. ‘पाहा, आता चालते आहे’ म्हणून तपासनीस निघून जातो, आणि दुपारी तीनला खिडकीपुढची रांग पुन्हा वाढते.

कार्ययोजना वाचताना नजर ठेवावी ती, शेवटी किती नोंदी हाती आल्या आणि त्यासाठी किती पाने चाळली गेली, यांच्या प्रमाणावर. तीस नोंदींसाठी तीन लाख पाने वाचली जात असतील तर जगातील कोणतीही डिस्क अपुरीच पडेल. काही पृच्छा दिसायला निव्वळ वाचनाच्या असतात, पण आतून डिस्कवर लिहीत असतात. क्रम लावण्यासाठी पोस्टग्रेस मुळात फक्त ४ मेगाबाइट स्मृती देते. यादी त्याहून मोठी झाली की तुकडे डिस्कवर उतरवून मग ते जुळवले जातात. कार्ययोजनेत तसे स्पष्ट लिहून येते. ती एक ओळ वाचून त्या पृच्छेपुरती स्मृती वाढवली की काम भागते.

आता ‘वर्षभरात हळूहळू’ या उत्तराचा विचार. शियाली रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांपैकी चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे आणि पाचवा ग्रंथालयाच्या सतत वाढण्याविषयी. डेटाबेसच्या व्यवस्थापकाने हे दोन्ही नियम शेजारी ठेवून वाचावेत. कारण साठा वाढत जातो आणि स्मृती तेवढीच राहते. शंभरपैकी ९९ पाने स्मृतीत सापडत होती, ती आता ९५ सापडतात. अहवालात हा फरक नगण्य दिसतो. पण डिस्कपर्यंत जाणाऱ्या खेपा शंभरात एकाच्या पाच झाल्या. डिस्कवरचा भार पाचपट झाला. आधीच चाळीस टक्के व्यापलेल्या डिस्कवर हा भार पडला तर ती कोलमडणार हे सांगायला ज्योतिषी नको. अशा ठिकाणी स्मृती वाढवणे किंवा दहा वर्षांपूर्वीची देवघेव वेगळ्या कप्प्यात काढून ठेवणे हे दोन्ही मार्ग खुले असतात. दुसरा स्वस्त पडतो. किती वेळा वापरले जाणारे पान स्मृतीत ठेवणे परवडते, याचा हिशेब जिम ग्रे आणि फ्रँको पुट्झोलू यांनी १९८७ साली किमतींच्या आधारे मांडला होता. त्या वेळच्या दरांनुसार दर पाच मिनिटांत एकदा लागणारे पान स्मृतीत असावे, असा निष्कर्ष निघाला. दर बदलले, पण रीत आजही उपयोगी आहे.

‘ठराविक वेळी’ असे उत्तर आले तर शेजाऱ्यांवर संशय घ्यावा. रात्रीची प्रतिलिपी सकाळी अकरापर्यंत चालू राहिलेली असते. कोणी मोठा अहवाल तीन वाजता काढतो. किंवा दर पाच मिनिटांनी एक झटका बसतो. या शेवटच्या प्रकाराचे कारण समजायला जुन्या पेढीवरील हिशेबाची पद्धत आठवावी. व्यवहार होताच तो आधी रोजकीर्दीत लिहिला जाई आणि मग सवडीने खतावणीत चढवला जाई. डेटाबेस नेमके हेच करतो. प्रत्येक बदल प्रथम रोजकीर्दीत सलग लिहून पक्का होतो. खतावणीतील बदललेली पाने स्मृतीत साचत राहतात आणि ठराविक अंतराने, पोस्टग्रेसमध्ये मुळात पाच मिनिटांनी, डिस्कवर उतरवली जातात. ही उतरवणी एकदम झाली तर तेवढा वेळ वाचणाऱ्यांना रांगेत मागे ढकलले जाते. ती सबंध अंतरभर सावकाश पसरवण्याची सोय असते. रोजकीर्द आणि खतावणी एकाच फिरत्या डिस्कवर असणे हा जुना दोष. रोजकीर्दीचे सलग लेखन दर वेळी मोडून हाताला खतावणीकडे धाव घ्यावी लागते. रेड-५ या मांडणीवर हा दोष अधिकच बोचतो, कारण तेथे एका छोट्या लेखनासाठी दोन वाचने आणि दोन लेखने करावी लागतात.

डेटाबेस भाड्याच्या मेघसेवेवर असेल, तर वेळेचे आणखी एक कोडे पडू शकते. ॲमेझॉनच्या सेवेतील जीपी-२ या जातीच्या डिस्कला दर गिगाबाइटमागे सेकंदाला ३ खेपांचा हक्क असतो. १०० गिगाबाइटच्या डिस्कला ३००. गरज पडली तर ती ३००० पर्यंत जाते, पण शिलकी खात्यातून. खाते भरलेले असले तर त्यात ५४ लाख खेपा असतात. सेकंदाला ३००० खर्च आणि ३०० जमा, म्हणजे सुमारे ३३ मिनिटांत खाते रिकामे. त्यानंतर तीच डिस्क एकदम दशमांश वेगावर येते. गच्चीवरची टाकी भरलेली असेपर्यंत नळ जोरात येतो आणि टाकी संपली की धार बारीक होते, तसाच हा प्रकार. यंत्राच्या आत बसून कितीही तपास केला तरी कारण दिसत नाही, कारण ते भाडेकराराच्या अटींत असते. २०२० च्या डिसेंबरात आलेल्या जीपी-३ या जातीत ३००० खेपांचा हक्क आकाराशी न जोडता मुळातच दिलेला आहे.

उपायांविषयी फार बोलण्याची गरज नाही. निदान नेमके झाले की ते बहुधा समोरच असतात. योग्य सूची, नोंदींची मांडणी, नको असलेले रकाने न मागणे, नियोजकापुढची आकडेवारी ताजी ठेवणे, स्मृती, आणि या सर्वांनंतरही रांग उरली तर एसएसडी. नवी डिस्क घेण्यात कमीपणा काही नाही. पाने खरोखर हवीच आहेत, मांडणी शक्य तितकी चांगली आहे, आणि तरीही हात पुरत नाही, असे आकडे सांगत असतील तर महिनाभर पृच्छांशी झगडणे हाच अपव्यय ठरतो.

एका ‘उपाया’विषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. रोजकीर्दीतील नोंद डिस्कवर खरोखर उमटली की नाही याची खात्री करून घेण्यासाठी डेटाबेस ‘एफसिंक’ नावाची आज्ञा देतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. ही आज्ञा बंद करण्याची कळ पोस्टग्रेसमध्ये आहे. ती दाबली की लेखनाची रांग जादूने नाहीशी होते. आणि पुढे एके दिवशी वीज गेली की साठाच भ्रष्ट होऊ शकतो. प्रणालीच्या अधिकृत पुस्तिकेत हा इशारा दिलेला आहे, तरीही घाईत ही कळ दाबण्याचा मोह होतो. खरे पाहता ही आज्ञा देऊनही निश्चिंत होता येत नाही. २०१८ साली असे ध्यानात आले की, लिनक्समध्ये एखादे लेखन फसले आणि डेटाबेसने तीच आज्ञा पुन्हा दिली, तर दुसऱ्या वेळी ‘झाले’ असे उत्तर मिळू शकते. लिहायचे राहिलेले पान मात्र हरवलेले असते. २०१९ च्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेस अशा वेळी पुन्हा न विचारता स्वत: बंद पडते आणि रोजकीर्दीवरून खतावणी नव्याने उभी करते. जमिनीचा फेरफार, खात्यातली रक्कम, रुग्णाच्या औषधाची नोंद या गोष्टी चार सेकंद उशिरा मिळालेल्या चालतात, नाहीशा झालेल्या चालत नाहीत. ही कळ दाबायला कोणी सांगितले तर त्याच्याकडून तसे लेखी घ्यावे.

उपाय केल्यानंतर तेच आकडे त्याच वेळी, तेवढ्याच गर्दीत पुन्हा घ्यावेत. रविवारी रात्री रिकाम्या यंत्रावर घेतलेल्या मापाला किंमत नाही. डिस्कची कोंडी फुटली की पुढे अडलेले काम एकदम प्रोसेसरपाशी किंवा कुलूपबंद नोंदींपाशी जमते, आणि काही वेळा खिडकीवर फरकच जाणवत नाही. पण आयओस्टॅटमधील रांग सोळावरून दोनवर आलेली दिसली तर केलेला उपाय बरोबर होता आणि आता दुसरे ठिकाण शोधायचे आहे, एवढे कळते. तुलनेसाठी यंत्र सुरळीत असतानाचे आकडे हाताशी लागतात. ते बहुतेक ठिकाणी कोणी लिहून ठेवलेलेच नसतात. एखाद्या साध्या, तक्रार नसलेल्या सोमवारी सकाळी अकरा ते बारा या वेळेत दर मिनिटाला घेतलेली साठ मापे एका वहीत असली, तर पुढच्या वर्षी येणाऱ्या तपासनिसाचे अर्धे काम झालेले असते.